पुठ्ठ्यावरचं पॅनेल

मशीन आमच्या आधी दोन वर्षं आलं होतं
मुलुंडच्या आयटीआयमध्ये,
आणि अजून प्लॅस्टिकमध्येच होतं.
थ्री-फेजची फाइल कुठल्यातरी टेबलावर.
उद्घाटनाचा फोटो मात्र
फ्रेम करून ऑफिसात.

म्हणून बावडेकर सरांनी
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
त्यावर पट्टीनं आखलं अख्खं कंट्रोल पॅनेल.
सायकल स्टार्ट : हिरव्या स्केचपेनचा गोल.
जुन्या रेडिओची दोन बटणं सरेसनं चिकटवली,
ती फिरायचीसुद्धा.
आणि उजव्या कोपऱ्यात, वर,
तेलाच्या बाटलीचं लाल झाकण.
"डोळे मिटा. इमर्जन्सी कुठंय?"
आम्ही बावीस जण, मुलगी मी एकटी,
डोळे मिटून एकेकानं पुढं यायचं.
सुहेल मुकादमचं बोट दरवेळी
सरांच्या खिशातल्या पेनावर.

बाकी सगळा वेळ कानस.
तीन महिने एकच लोखंडी ठोकळा,
त्याची एकच कड.
गुण्या लावायचा, खिडकीकडे धरायचा,
फटीतून उजेड आला की पुन्हा घास.
"कोयंडे, तुझ्याकडे फार उजेड आहे,"
सर म्हणायचे,
आणि वर्ग हसायचा.
घरी आत्या माझे तळवे उलटेपालटे करून बघायची,
म्हणायची, पार्लरचाही कोर्स असतो गं.

सर पाठमोरे असले तरी ओरडायचे,
"कानस घसरतेय! कोण आहे ते?"
मीच असायचे.
त्यांना कसं कळतं, हे कळायला
मला दिवाळी उजाडली.
लोखंड कापलं जातं तेव्हा एक आवाज असतो,
नुसतं खरवडलं जातं तेव्हा दुसरा.

मग चांदिवलीची कंपनी, ॲप्रेंटिस म्हणून.
पहिल्या दिवशी टाय लावलेला माणूस म्हणाला,
"आम्हाला तयार मुलं लागतात,
तुम्ही येता कच्चे."
तयार म्हणजे कशी, मला विचारायचं होतं,
तव्यावरून उतरलेली?
विचारलं नाही. स्टायपेंडचा फॉर्म
अजून त्याच्याच हातात होता.

महिनाभर चिपा झाडल्या.
वहीत मात्र 'मशीन ऑपरेशन' असं चार पानं लिहिलं,
सुपरवायझरनं एका दमात सह्या ठोकल्या.

त्या गुरुवारी सेकंड शिफ्टला
पडवळ फोनवर बोलत दाराशी गेला होता.
मी झाडू घेऊन उभी.
आत टूल जॉब कापत होतं,
आणि कापता कापता
खरवडायला लागलं.

माझा हात गेला. उजवीकडे, वर,
जिथं लाल झाकण असतं तिथं.
तिथं नुसता गार पत्रा.
अर्धा सेकंद असेल,
तेवढ्यात मी सगळ्या पॅनेलवर हात फिरवला,
आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसा.
डावीकडे. खाली.
दाबलं.

सगळं शॉप माझ्याकडे बघायला लागलं.
पडवळ धावत आला, "हात लावायला कुणी सांगितलं?"
मग दार उघडलं त्यानं.
इन्सर्टचा कोपरा उडालेला.
जॉबवर नखानं ओढल्यासारखी एक रेघ,
मायक्रोमीटर लावला, परत लावला.
जॉब वाचला होता.
"ॲलन की दे," म्हणाला.
त्या दिवसापर्यंत तो मला 'ए ॲप्रेंटिस' म्हणायचा.
त्या दिवसानंतरही.

रात्री सरांना फोन लावला.
आवाजाचं नाही सांगितलं, रेघेचंही नाही.
एवढंच, की सर, इमर्जन्सी डावीकडे असते.
खाली, हँडव्हीलच्या शेजारी.
निदान इथल्या मशीनला.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग खुर्ची सरकली,
ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला,
पुठ्ठा भिंतीवरून काढल्याचा.
"थांब," सर म्हणाले, "पट्टी घेतो.
किती सेंटिमीटर खाली?"