बर्फ वजा जाता

आइसलंडच्या वायव्येला, डोंगराने
तीन महिने ऊन अडवून धरलेल्या एका बंदरात
स्टेनवर सरकारी काट्यावर बसते.
बोटी येतात. निळ्या टबांतून कॉड येतात, बर्फात गाडलेले.
ती एकूण वजन टिपते,
त्यातून बर्फ वजा करते.
उरतात ते मासे.
उरतात तेवढेच कोट्यात धरतात.

बर्फ किती, हे कुणी सांगायचं?
बर्फ काही साक्षीला थांबत नाही.

‘बारा टक्के लिही,’ थोर्बेर्गुर म्हणाला, धाकटा दीर,
तेव्हा वारा इतका होता की
ऐकूच आलं नाही, असं म्हणता आलं असतं.
तिने तसं म्हटलं नाही. लिहिलं.
असेल चार, फार तर पाच.
कुणाच्या ताटातलं काढलं? समुद्रातलं.
समुद्र कुठे पावती मागतो.

मग हाताला बाराची सवय लागली.
नऊ वर्षं.
शाळेला नवं छप्पर आलं, थोर्बेर्गुरने दिलेलं.
केक स्टेनवरने केला होता.
कधी जेवताना घशात काटा रुते,
ती पाव गिळे, वर पाणी पिई,
आणि तो खाली जाई. बहुतेक वेळा.

नोव्हेंबरात दागुर आला, एकोणीस वर्षांचा, काम शिकायला.
पेन्सिल कानावर.
टबात हात घालून त्याने विचारलं,
‘बारा आहे हे कसं ओळखायचं?’

खोटं लिहिता येतं.
शिकवायचं कसं?

तिने टब चाळणीवर उपडा केला.
पाणी निथळेपर्यंत दोघं उभे राहिले, बोटं बधिर.
मासे पुन्हा काट्यावर चढवले.
आकडे हलले, हलत राहिले,
स्थिर झाले.
चार पूर्णांक तीन.
तिने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

शनिवारी गरम पाण्याच्या कुंडात ती उतरली
तशा गप्पा थांबल्या.
कुणीतरी हवामानाचं काढलं.
एकेक जण उठून टॉवेलकडे गेला,
वाफेत ती एकटी, गळ्यापर्यंत.
मनाची राखायला गेली
आणि जनाची गेली.

थोर्बेर्गुर आता शेजारच्या बंदरावर माल उतरवतो.
तिथला काटा, म्हणतात, समजूतदार आहे.

‘आणि आधीच्या वह्या?’ दागुरने विचारलं सोमवारी,
सहज, बूट काढता काढता.

स्टेनवरने कपाटाची किल्ली
टेबलावर ठेवली.
दिली, असं नाही.
ठेवली.