मोकळ्या वातावरणात

निवृत्त होऊन आलो, त्याला हा अकरावा महिना.
गोळीबार चौकात कूलरसाठी वाळ्याची ताटी घेताना
दुकानातल्या पोराने विचारलं,
"कहाँ से आये, अंकल?"
मागल्या गल्लीतला रे, हेडाऊंचा,
असं सांगायला तोंड उघडलं
आणि बाहेर पडलं एक निवेदन.

सवय. एकतीस वर्षांची.
'चर्चा मोकळ्या वातावरणात झाली' म्हणजे
कुणीतरी टेबलावर मूठ आपटली होती.
परवा मानेवाड्याच्या प्लॉटवरून भावाकडे बसलो,
वहिनीने चहासुद्धा विचारला नाही.
घरी येऊन बायकोला म्हणालो, मोकळ्या वातावरणात झाली.
ती हसली. तिला ही भाषा येते,
सात देशांत तिने खोकी बांधली आणि सोडली.

बाबा मागावर बसायचे.
निवडीचं पत्र आलं त्या दुपारी
धोटा हातातच धरून म्हणाले,
"म्हंजे करतं काय तुमी लोकं?"
मी म्हटलं, दोघांच्या मधे राहायचं.
इकडचं तिकडे न्यायचं, न तुटता.
"मंग हे धोट्यासारखंच झालं.
पण माह्या हाताले धागा तुटला त लगेच समजते.
तुह्यात कसं समजते?"

हसण्यावारी नेलं मी.

मग वाळवंटातलं ते शहर, मी प्रथम सचिव.
शवागारात कंपनीच्या माणसाने कागद पुढे केला:
धनपाल रंगारी, वय सत्तावीस, परातीवरून पडून.
पासपोर्टात जन्मस्थळ नागपूर.
नियमाप्रमाणे मी त्या पासपोर्टाचा कोपरा कापला,
शिक्का मारला,
पेटीचं वजन किलोत लिहिलं.

त्याच्या आईला चारदा फोन केला.
चौथ्यांदा तिने विचारलं, "तुमी कुठले जी?"
"दूतावासातून बोलतोय," मी म्हणालो.
इंदोरा आमच्या घरापासून
सायकलने दहा मिनिटं.

त्यानंतर बढत्या मिळाल्या.
एका राजाला बग्गीतून जाऊन अधिकारपत्रं दिली,
खांद्यावर बाबांनी विणलेला शेला.
फोटो बैठकीत आहे. त्यात मी बरा दिसतो.

काल उन्हं उतरल्यावर निघालो. पायीच.
पाचपावलीचा पूल ओलांडला,
पानवाल्याला विचारत विचारत दारात पोचलो.
शेवंताबाई खाटेवर, डोळ्यांत मोतीबिंदू.
"मी..." एवढंच म्हटलं,
तर हात वर करून म्हणाली,
"दूतावास ना? आवाज वळखला. बसा जी."

बसलो.
"तुमी दिल्लीवाले असान असं वाटे मले."
"नाही आई. गोळीबार चौक."

भिंतीवर धनपाल, चष्मा डोक्यावर सरकवलेला.
ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडेच तोंड करून होती.
"एवढ्या जवळचे?" म्हणाली,
आणि भिंत चाचपत
पाणी आणायला आत गेली.
बराच वेळ आली नाही.