रुंदी

इब्रीत, टायरवाल्यांच्या गल्लीत, शेवटून दुसरं दुकान.
यासीन परकार, सुतार, मूळ गाव खेड.
माझ्या पिकअपच्या हौद्यात उकिडवा बसलाय,
कानावर पेन्सिल, तोंडात खिळे असल्यासारखं तोकडं बोलणं:
"लांबी पाच फूट. तुमची उंची?"
पाच नऊ.
"मग नऊ इंच कुठं ठेवायचे, साहेब?"

तीन आठवडे मी हाच हिशोब करतोय.
पाऊण महिना सुट्टी, इब्रीहून दक्षिणेला,
डांबर संपतं तिथून पुढं फक्त टायरच्या खुणा,
त्याही रात्रीच्या वाऱ्यानं पुसलेल्या.
मुक्काम रोज नवा. झोप मात्र रोज तीच हवी.

छतावरचा तंबू मस्कतला जाऊन पाहिला.
विक्रेत्यानं छत्री उघडावी तसा उघडून दाखवला.
साठ किलो.
वाळूच्या उतारावर गाडी कलली
की हे साठ किलो कुणाच्या बाजूनं असतील,
ते त्यानं सांगितलं नाही.
आणि शिडी. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसानं
शिडीचा विचार दिवसाच करावा,
गुडघ्यांना विचारून.

घडीची खाट तर घेतलीच.
पहिल्या रात्री चारही पाय वाळूत,
प्रत्येक आपापल्या मर्जीनं खोल.
पहाटे डोकं खाली, पाय वर,
आणि खालून गार वारा
पाठीच्या मणक्यामणक्याची चौकशी करत फिरतोय.

साइटवरचा पहारेकरी सालिम हसला.
म्हणाला, जमिनीवर झोप.
गाडी वाऱ्याला आडवी लाव,
इंजिन बराच वेळ कोमट असतं, त्याला पाठ दे,
सकाळी बूट झटकून घाल.
त्याच्या आजोबांना उंटाचं कोमट अंग होतं, एवढाच फरक.
मी मान डोलावली.
सालिमला कमरेचा पट्टा लागत नाही.

म्हणून फळी. अठरा मिलिमीटरचा प्लाय,
चाकांच्या कमानींच्या वरून, म्हणजे पुरी रुंदी मिळते.
खाली पाण्याचे कॅन, हवेचा पंप, फावडं,
रुतल्यावर चाकाखाली घालायच्या पट्ट्या.
नऊ इंचांचं परकारनं जमवलं:
मागचा फाळका उघडा,
त्यावर बिजागरीची एक जादा फळी,
पायांपुरती ओसरी.

"झोपा बघू," म्हणाला.
झोपलो. भर दुपारी, टायरवाले बघत असताना.
त्यानं खांद्यांपाशी खूण केली, मग टाचांपाशी.
बरं नाही वाटलं.
असं आडवं करून माप एकदाच घेतात.

"आता रुंदी. एकट्याची, का दोघांची?
एकट्याची असेल तर बाजूला खोकी बसवतो,
स्टोव्हला, भांड्यांना."

एकोणीस वर्षं. वर्षातून एक महिना.
दर सुट्टीला मी घरी जायचो,
यंदा घरच इकडं यायचंय:
डिसेंबरात हेमलता, पहिल्यांदाच, व्हिसा झालाय.
आणि मी तीन आठवडे
एकाच पाठीचा हिशोब करत होतो.
कंपनीच्या खोलीतला अडीच फुटी पलंग
अंगात असा भिनतो.
ती डावीकडं झोपते की उजवीकडं?
आडवा पडल्या पडल्या आठवून पाहिलं.
पेन्सिल थांबलेली.

फोन लावला. सावर्ड्यात दीड तास पुढं,
तिची भांडी घासून झालेली.
"तुला झोपायला रुंदी किती लागते?"
"कशाला?"
सांगितलं. हौदा, प्लाय, ओसरी, सगळं.
थोडा वेळ फक्त तिकडचा पंखा.
मग म्हणाली,
"मला आता पलंगाच्या मधोमध झोपायची सवय झालीय.
तुमचं तुम्ही बघा."
आणि ठेवता ठेवता,
"फाळका उघडा म्हणताय. मग आभाळ दिसत असेल ना पायाशी?"

परकारनं खोक्यांचं माप खोडलं. पुरी रुंदी.
पैसे देताना म्हटलं,
उरलेल्या प्लायच्या चार चकत्या काढ,
बशीएवढ्या.
"कशाला?"
खाटेच्या पायांखाली घालायला.
लागतील.