वजा एक

व्होहांदू नदीची पातळी सांगणारा प्रोग्रॅम
एकवीस वर्षं बिनतक्रार चालत होता.
विर्वे म्हणाली, चालतो, कबूल.
पण त्याच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलंय?
आयतं काही घ्यायचं नाही. सगळं सोर्सपासून बांधायचं.
माझ्या रजेच्या अर्जावर तिची सही व्हायची होती,
म्हणून मी हो म्हणालो.

कंपायलर बांधायला आधी एक कंपायलर लागतो.
त्याच्या आधी आणखी एक, जुना, अर्धशिक्षित,
त्याच्याही आधी एक, ज्याला नुसती अक्षरं जोडता येतात,
आणि अगदी तळाशी
एका कागदावर मावतील एवढे आकडे.
मी वाचत होतो, ती टाइप करत होती.
सात एफ. चार पाच. चार सी.
चौथ्या ओळीला मला शिंक आली.
तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

खिडकीवर तिची बरणी होती, राईच्या आंबवलेल्या पिठाची.
घट्ट विरजणासारखी, वर बुडबुडे.
मी विचारलं, हे कुणाकडून आणलंस?
आईकडून.
आणि तिने?
शेजारणीकडून. पुढचं विचारू नकोस,
सात एफ नंतर काय होतं ते सांग.

दुसऱ्या रात्री दोन लायब्ररी दारात अडल्या,
आग्रही पाहुण्यांसारख्या:
आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही.
विर्वेने एकीचा हात काढून ठेवला,
तशीच थोटी बांधली,
तिच्याकडून दुसरी बांधून घेतली,
मग हात परत लावला.
पंखे घोंघावत होते. बाहेर उणे एकोणीस.
पडद्यावरून ओळी जात होत्या, जात होत्या,
मी त्या वाचायचं नाटकसुद्धा सोडून दिलं होतं.

तिसऱ्या रात्री सगळं थांबलं.
एक चिमूटभर लायब्ररी, पट्टीवरचा आकडा वाचणारी:
तयार फाइल होती, सोर्स नव्हता.
लिहिणाऱ्याचं नाव एंडेल. त्याच्या पत्त्यावरचा सर्व्हर
कधीच बंद पडलेला. एंडेलही.
फोन त्याच्या बायकोने उचलला.
म्हणाली, कागद आहेत, तळघरात, बटाट्यांपाशी.

छिद्रांच्या कडा असलेले कागद, मातीचा वास.
दोनशे बारा ओळी. एकशे चाळिसाव्या ओळीत
आलेल्या आकड्यातून एक वजा केलेला,
आणि शेजारी टीप:
*वजा एक. का, ते नंतर लिहितो. पोराला ताप आहे.*

नंतर काही लिहिलेलं नव्हतं.
विर्वे चष्मा काढून बसली. सोर्स मिळाला होता
आणि तरी तळ लागत नव्हता.
लेयदाबाईंना पुन्हा फोन केला.
त्या हसल्या. अहो, त्या वर्षी बर्फ सुटला
तेव्हा मोठा तुकडा पुलाखाली आदळला,
पट्टी सेंटिमीटरभर खचली.
नगरपालिकेने ती वर घेतलीच नाही.
एंडेलने दोन महिने अर्ज केले, मग हे असं केलं.
ताप ना? उतरला की.
तांपेरेत बस चालवतो आता, एक्केचाळीस वर्षांचा आहे.

आम्ही टीपसुद्धा टाइप केली,
कंपायलर ती वाचत नाही हे ठाऊक असून.
तिच्याखाली विर्वेने एक ओळ घातली: *बर्फ. पट्टी.*

पहाटे चार वीसला काम पुरं झालं.
जुन्या फाइलशी ताडून पाहिलं: जुळेना.
तासभर शोधलं. आतमध्ये बांधणीची तारीख लिहिली जात होती,
एवढंच.
घड्याळ मागे नेलं, पुन्हा बांधलं,
आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट एकसारख्या निघाल्या.

म्हणजे तीन रात्री जागून
आम्ही जे होतं तेच केलं होतं.
प्रोग्रॅमने सांगितलं: एक मीटर चौऱ्याऐंशी.
मी कोट चढवून पुलावर गेलो, टॉर्च मारला.
पट्टीवर पंच्याऐंशी.
बराच वेळ तिथंच उभा राहिलो.
रजेचा अर्ज खिशातच राहिला होता.