प्रश्न क्रमांक सतरा

बासष्ट प्रश्न, पाच पर्याय,
पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत,
वय वर्षं तेरा ते सोळा.
मारेगावहून सकाळच्या गाडीनं आले,
मांडीवर फॉर्मचा गठ्ठा आणि एक वजनकाटा,
जो सव्वा किलो जास्तच दाखवतो.

नववी ब व्हरांड्यात बसवली.
कापसाचे दिवस, निम्मी पोरं वेचणीला.
उरलेल्यांना पेन वाटले.
परत द्यायचा का, हा त्यांचा पहिला प्रश्न.
एक कमी पडला,
आचल टेकामला माझा दिला.

'पाकिटावर छापलेली माहिती मी वाचतो / वाचते.'
"वाचतो ना जी," आचल म्हणाली, "पाच रुपये.
अन् फुगलेलं घ्याचं नाही,
त्यात हवाच रायते."
'कधीकधी'वर गोल कर, म्हटलं.

दुर्वेश गोहणेचं सगळं बरोबर.
प्रथिनं, लोह, तंतू,
हिरव्या भाज्या आठवड्यातून चारदा.
त्र्याण्णव टक्के.
मधल्या सुट्टीत पानठेल्यावर दोन समोसे
आणि लाल रंगाचं थंडगार काहीतरी;
जीभ दाखवत परत आला.
मला वाटायचं ते वाटलं,
पण माझ्याही पर्समध्ये सकाळपासून
बिस्किटांचा पुडा, अर्धा संपलेला.

सतरा.
'घरात काय शिजेल, यात माझा निर्णय असतो.'
आचलनं पेनाचं टोपण चावलं.
"माय वेचाले जाते. सैपाक मीच करतो.
पण ठरवाचं काय त्यात?
जे असन ते."
मग थांबून,
परीक्षेत उशिरा आठवलेल्या उत्तरासारखं:
"तिखट ठरवतो मी.
वांगे कमी असले का तिखट जास्त टाकतो.
लायने पोट्टे भाकरच खातात मंग,
पाणी पेतात.
भाजी पुरते."

हेच समासात लिही, म्हटलं.
समासाला गुण नाहीत.
पुस्तिकेत छापलंय तसं,
पान नऊ, तळाशी.

तोंडी बेरीज केली: एकेचाळीस. गट 'अल्प'.
"पास का मी?"
यात पास-नापास नसतं गं.
"मंग मोजता कायले?"
घंटा झाली, बरं झालं.

निघताना तिनं दप्तरातून
तुरीच्या शेंगा काढून दिल्या,
मिठात उकडलेल्या, गार.
"डब्यातल्या उरल्या जी."
नववीतल्या पोरीच्या डब्यात काही उरत नाही,
एवढं मला फॉर्मशिवाय कळतं.
तरी घेतल्या.

गाडीत खिडकीशी सोलत बसले.
सोले गोड होते, एक किडका.
फाट्यावर सालं बाहेर टाकली,
हात ओढणीला पुसले, फॉर्म उघडला.
सतरावर तिनं गोल केलाच नव्हता.
मी पर्स चाचपली.
पेन तिच्याकडेच राहिला.