अर्धं हळकुंड

वसमतच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची शाळा.
फेब्रुवारीत खडूलासुद्धा हळदीचा वास येतो.
गाव हळद शिजवत असतं,
सातवीच्या एकतीसांतली वीसच लेकरं वर्गात असतात
आणि मी नफा-तोटा शिकवत असतो :
एका व्यापाऱ्याने आठशे रुपयांस एक खुर्ची घेतली.
खुर्ची कुणी बघितलेली नसते.
व्यापारीही कुणाच्या ओळखीचा नसतो.

एका शनिवारी मी सहाशे वीस रुपये सुटे करून आणले.
त्या दिवशी हजेरी बरोब्बर एकतीस,
बातमी आदल्या रात्रीच फुटली होती.
हरेकाच्या तळहातावर वीसची नोट ठेवली आणि म्हणालो,
पैसे परत नकोत.
आठ दिवसांनी एक प्रश्न आणा,
जो ही नोट हातात नसती तर पडलाच नसता.

मुख्याध्यापक म्हणाले, "कुठल्या परिपत्रकात आहे हे?"
पारावरून बाबाराव डाखोरे ओरडले,
"गुर्जी, लेकरायला दुकानदार करायलाव का काय?"
मी हसून पुढं गेलो.
उत्तर असतं तर थांबलो असतो.

तौफिकनं पंक्चरचं सोल्युशन घेतलं.
तीन सायकली जमल्या, चौथी रात्रीतून पुन्हा बसली.
त्याचा प्रश्न : हवा चोरपावलानं जाते तेव्हा
तिला पकडायचं कसं?

प्रज्ञाशीलनं सरळ कचोरी खाल्ली.
पण खाताना मोजलं, त्याच्यामागं किती जण आले : चौतीस.
आणि विचारलं, सर, तो माणूस नऊ वाजता गाडा बंद करतो,
गिऱ्हाईक उभं असताना. का?
मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं विचारायला गेलो.
"तेल काळं पडतं," कचोरीवाला म्हणाला,
"आन् उद्याबी हितंच उभं राहायचंय."
हे पाठ्यपुस्तकात कुठं घालावं, सांगा.

रेवतीनं तुटकी हळकुंडं घेतली,
पॉलिशच्या ड्रममधून गळालेली, स्वस्तातली.
दळायला चक्कीवर नेली
आणि तिच्यामागच्या बाईचं ज्वारीचं पीठ
पिवळंधमक निघालं.
केवढा गोंधळ! चक्कीवाल्यानं पाळी साफ करायला लावली,
वर दळणाचे पैसे घेतले.
वहीत तिनं लिहिलं :
तोटा अकरा रुपये.
चक्की एकटीसाठी धुत नाहीत.
मग पुढल्या आठवड्यात ती नऊ घरं फिरली,
नऊ घरांची हळद एका दिवशी, एका खेपेत.
पाळी एकदाच धुतली. तिनंच धुतली,
आणि त्याचे पैसे चक्कीवाल्याकडून मागून घेतले.

मी त्या रात्री बायकोला सगळं रंगवून सांगितलं.
ती भाकरी थापत म्हणाली,
"अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालात बघा."
खरंच होतं.
पी हळद अन् हो गोरी, असं कुठं असतं?

कारण मयूरी कोकरे राहिली होती.
तिनं नोट वहीच्या शेवटच्या पानावर
डिंकानं चिकटवली होती, चारी कोपरे नीट दाबून.
खाली सुवाच्य अक्षरात : हरवू नये म्हणून.
प्रश्न नव्हता.
पहिलीपासून माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी,
खाडाखोड नाही, समासाबाहेर रेघ नाही,
दरवर्षी मी तिची वही इतरांना दाखवत आलो :
बघा, अशी ठेवावी.

आम्ही हौदावर बसलो.
ओलं बोट कडेकडेनं फिरवत
डिंक सैल करत राहिलो.
एक कोपरा सुटला. दुसऱ्याला कागद यायला लागला.
ती श्वास धरून म्हणाली, "सर, फाटली तर?"

मी म्हणालो, फाटली तर बँकेत घेत्यात का नाही,
मलाबी माहीत नाही.
तिनं माझ्याकडं बघितलं.
मग बोट पुन्हा पाण्यात बुडवलं.
"अर्धीच फाटली तर किती देतेत?"