चौथ्या गाण्यातली ट्राम

या शहराच्या नावाचा अर्थच नाव.
लिहिताना लोद्झ, म्हणताना वूच.
आणि नदी कुठे, असं विचारलंत तर
लोक बुटाच्या टाचेनं फुटपाथ ठोकून दाखवतात.
खाली आहे. पाइपात घातली कधीची,
गिरण्यांचा रंग पिऊन पिऊन
सोमवारी निळी, गुरुवारी तांबडी व्हायची म्हणून.

आमचं तळघर तिच्याहून थोडंच वर,
बंद पडलेल्या रंगशाळेतलं.
भाडं महिना दीडशे, दिव्यासकट, ऊब सोडून.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेंना बुरशी,
आणि कोपऱ्यात एक बादली, जिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही.
पेपरवाले 'अंडरग्राउंड' लिहायचे.
आम्ही नुसतं 'खाली' म्हणायचो.
येतेस का खाली? खाली कोण कोण आहे?

बोग्ना गायची. म्हणजे ओरडायचीच,
पण ओळीच्या शेवटी अशी अडायची
जशी जिन्यातल्या अंधारात कुणी किल्ली चाचपावी.
ओल्गेर्दच्या गिटारला पाच तारा,
सहावी पुढच्या महिन्यात, हे तीन वर्षं.
व्हितेक ड्रमवर.
मी रेकॉर्डिंगला. दोन माइक,
त्यातला एक लग्नाच्या हॉलला परत करायचा राहिलेला.

दर सहा मिनिटांनी डोक्यावरून ट्राम.
स्नेअर आपोआप पुटपुटायला लागायचा,
अंड्यांच्या ट्रेंतून भुसा गळायचा.
मी वेळापत्रक भिंतीला चिकटवलं,
दोन ट्रामांच्या मध्ये काय ते वाजवा, म्हटलं.
म्हणून त्या अल्बमात एकही गाणं लांबत नाही.
पुढे एका मासिकानं लिहिलं:
'या मुलांचा संयम दाद देण्याजोगा.'
आम्ही इतके हसलो की बादली लवंडली.

चौथं गाणं फेब्रुवारीतलं. बाहेर उणे सतरा.
व्हितेकची बस सकाळी सहाला, थेट आयर्लंडपर्यंत.
भाऊ होता तिकडे, कोंबड्या सोलायच्या कारखान्यात,
इथली दिवसाची कमाई तिथे तासाला.
एकच टेक उरलेला.
आणि त्या रात्री ट्राम उशिरा आली,
नेमकी शेवटच्या कडव्याआधी, जिथे सगळे गप्प होतात
आणि फक्त बोग्नाचा श्वास असतो.
मी हात वर केला.
कुणी बघितलं नाही, किंवा बघितलं.
व्हितेकनं डोळे मिटून चाकांचे ठोके मोजले
आणि त्यांच्यावरच ताल धरला.

प्रती एकशेवीस.
बोग्नाची आई याच गिरणीत सत्तावीस वर्षं मागावर.
तिनं घरातल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवल्या:
चादर, पडदा, बंद झालेल्या खात्याचा गणवेश.
कानांनी अर्धी गेलेली. ऐकून म्हणाली,
'मशीन बरं चाललंय. पण गाणं कधी सुरू होतं?'
ते वाक्य आम्ही मागच्या बाजूला छापलं.

विकल्या एक्केचाळीस.
उरलेल्या कुणाच्या गादीखाली, कुणाच्या घटस्फोटात गेल्या.
बोग्ना आता दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देते,
फोनवरही ओळीच्या शेवटी तशीच अडते.
व्हितेक नाताळला कार्ड पाठवतो, त्यावर मेंढी असते.
माझ्याकडे एक प्रत आहे, पडद्याच्या कापडातली.
दूरच्या एका माणसानं तिचे चांगले पैसे देऊ केले.
विचार करते म्हटलं. करतेय.

ट्रामची ती लाइन बंद झाली.
रूळ उपटले नाहीत, वरून डांबर ओतलं.
रंगशाळेत उंच छतांचे फ्लॅट, तळघरात
सायकली, सगळ्यांना कुलपं.
परवा तिथून चालले होते, कानात चौथं गाणं.
श्वास आला. मग ती आली.
मी चटकन एक पाऊल मागे सरले,
मागच्या बाईच्या बोटांवर टाच पडली.
अहो, काय झालं?
ट्राम, मी म्हणाले.
बाईनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं,
आणि माझ्यासोबत थांबली,
ती जाईपर्यंत.